प्रमाण माणूस कोणता? : देह, माती आणि मूलद्रव्यांचा हिशेब

(व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



१९७५ साली आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात एका माणसाचे सविस्तर वर्णन आहे. त्याचे वय वीस ते तीस वर्षे, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर. सरासरी तापमान १० ते २० अंश सेल्सिअस असणाऱ्या प्रदेशात तो राहतो. तो गौरवर्णीय आहे आणि राहणीने व चालीरीतींनी पश्चिम युरोपीय किंवा उत्तर अमेरिकी आहे. त्याच्या प्रत्येक अवयवाचे वजन, त्याचा श्वास, त्याचा आहार, त्याच्या देहातील निरनिराळ्या मूलद्रव्यांचे प्रमाण, सारे त्या ग्रंथात नोंदलेले आहे. त्याची थायरॉइड ग्रंथी २० ग्रॅम वजनाची असून तीत १२ मिलिग्रॅम आयोडीन आहे.

या माणसाला नाव नाही, कारण असा माणूस अस्तित्वातच नाही. मोजमापांची बेरीज-वजाबाकी करून शास्त्रज्ञांनी तो उभा केला. इंग्रजीत त्याला ‘रेफरन्स मॅन’ म्हणतात. आपण त्याला ‘प्रमाण पुरुष’ म्हणू. अणुभट्टीत काम करणाऱ्या कामगाराच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य गेले तर ते कोणत्या अवयवात किती साठेल, किती दिवस राहील, त्यापासून किती अपाय होईल, याची जगभरातील गणिते या काल्पनिक माणसाच्या आधारे मांडली गेली. भारतात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथील कामगार ना गौरवर्णीय, ना थंड हवेत राहणारा, ना ७० किलो वजनाचा. तो भात किंवा भाकरी खाणारा, घाम गाळणारा, चणीने लहान. त्याच्या सुरक्षेचे माप मात्र परक्या देहावरून घेतलेले.

यात कोणाचा कट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या देशांत मोजमापे झाली, त्या देशांचीच आकडेवारी ग्रंथात आली. ग्रंथकर्त्यांनी आपला माणूस कोठला आहे हे स्वच्छपणे लिहून ठेवले होते. ज्यांनी मोजले नाही, त्यांचे मोजमाप ग्रंथात आले नाही. आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. निरनिराळ्या देशांतील माणसांच्या शरीरात मूलद्रव्ये किती असतात, ती का बदलतात आणि ती कोणी मोजायची?

अल्प, पण अनिवार्य

आपल्या देहाचा सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चार मूलद्रव्यांचा आहे. उरलेल्यात कॅल्शियम व फॉस्फरसचा वाटा मोठा. त्यानंतर पोटॅशियम, गंधक, सोडियम, क्लोरीन, मॅग्नेशियम. एवढे झाल्यावर जे उरते ते चिमूटभर असते. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे एका मध्यम आकाराच्या खिळ्याएवढे. जस्त २ ग्रॅमच्या आसपास. तांबे त्याच्याही विसाव्या हिश्श्याएवढे. आयोडीन आणि सेलेनियम तर अवघे दहा-वीस मिलिग्रॅम. यांनाच सूक्ष्म मूलद्रव्ये म्हणतात.

परंतु प्रमाण अल्प म्हणून महत्त्व अल्प असे नाही. लोह नसेल तर रक्त प्राणवायू वाहून नेणार नाही. आयोडीन नसेल तर थायरॉइडचे संप्रेरक तयार होणार नाही आणि गर्भातील बालकाचा मेंदू नीट वाढणार नाही. जस्त नसेल तर वाढ खुंटेल, जखमा भरणार नाहीत. दुसऱ्या बाजूला शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे पाहुणे आहेत. त्यांचे शरीरात काहीही काम नाही. ते आले की मुक्काम ठोकतात आणि घराची मोडतोड करतात.

शरीर ही मूलद्रव्ये स्वतः निर्माण करू शकत नाही. ती खडकातून मातीत, मातीतून पिकात आणि पाण्यात, तेथून ताटात आणि ताटातून देहात येतात. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. पूर्वजांना सेलेनियम किंवा कॅडमियम ठाऊक होते असा त्याचा अर्थ लावण्याचे कारण नाही. पण देह आणि भूमी यांच्यात भिंत नाही, हे सूत्र रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते, एवढे निश्चित म्हणता येईल.

मोजण्यातील फसगत

देहातील मूलद्रव्यांचे पद्धतशीर मोजमाप करणाऱ्यांत इसाबेल टिप्टन या अमेरिकी संशोधिकेचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. टेनेसी राज्यातील ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेशी संबंधित असलेल्या टिप्टन यांनी शवविच्छेदनात मिळालेल्या ऊती गोळा केल्या. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, हृदय अशा अवयवांचे नमुने जाळून त्यांची राख केली आणि त्या राखेचा वर्णपट तपासून कोणते मूलद्रव्य किती आहे हे ठरवले. १९६३ साली त्यांनी अमेरिकेतील प्रौढांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६५ साली आफ्रिका, पश्चिम व पूर्व आशिया आणि स्वित्झर्लंड येथील माणसांचे. निरनिराळ्या खंडांतील माणसांच्या अवयवांची अशी शेजारी-शेजारी तुलना तोवर क्वचितच झाली होती.

या तुलनेतून काही मोठे सिद्धांत निघाले आणि त्यांतले काही पुढे कोसळलेही. क्रोमियमचे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकी माणसाच्या शरीरात वयाबरोबर क्रोमियम घटते आणि पौर्वात्यांच्या शरीरात ते अधिक असते, असा निष्कर्ष त्या काळी निघाला. त्यावर आहाराचे आणि मधुमेहाचे कितीतरी तर्क उभे राहिले. पुढे उपकरणे सुधारली आणि निरोगी माणसाच्या रक्तातील क्रोमियमचा मान्य आकडा वर्षागणिक खाली येत गेला. अखेरीस तो पहिल्या आकड्यांच्या सुमारे हजाराव्या भागावर आला. माणसाचे रक्त बदलले नव्हते. पोलादी सुईतून, सुरीतून, हवेतल्या धुळीतून क्रोमियम नमुन्यात मिसळत होते आणि तेच देहातले म्हणून मोजले जात होते. २०१४ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर क्रोमियम शरीराला आवश्यक असल्याचा पुरेसा पुरावाच नाही असा निर्वाळा दिला. दोन समाजांची तुलना करताना आधी दोन सुऱ्यांची तुलना करावी लागते, हा त्यातला धडा.

दुसरी फसगत याहून गंभीर होती. ती शिशाची. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाऊ लागले. त्या उद्योगाच्या आश्रयाने संशोधन करणारे डॉ. रॉबर्ट किहो यांनी १९३० च्या दशकात मेक्सिकोतील एका दूरच्या खेड्यातील शेतकऱ्यांची तपासणी केली. मोटारी नाहीत, कारखाने नाहीत, तरीही त्यांच्या शरीरात शिसे सापडले. किहो यांनी निष्कर्ष काढला की शिसे मानवी देहात नैसर्गिकच असते. ते लोक ज्या मातीच्या भांड्यांत जेवत, त्या भांड्यांची चकाकी शिशाची होती, याकडे त्यांनी दुर्लक्ष केले. पुढची तीन दशके शिशाबाबत तेच अधिकारवाणीने बोलत राहिले.

ही भिंत फोडली क्लेअर पॅटरसन यांनी. ते मुळात भूरसायनशास्त्रज्ञ. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे हे १९५६ साली त्यांनीच प्रसिद्ध केले. त्या कामासाठी शिशाचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजताना त्यांच्या ध्यानात आले की प्रयोगशाळेची हवा, पाणी, भांडी, इतकेच काय संशोधकाचे केसही शिशाने माखलेले आहेत. त्यांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९६५ साली स्पष्टपणे मांडले की आज जे सर्वांच्या शरीरात आढळते ते ‘सामान्य’ असेल, पण ‘नैसर्गिक’ नाही. याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९७१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने शिशावर समिती नेमली, तेव्हा या विषयातील या अग्रगण्य तज्ज्ञाला तीत स्थान मिळाले नाही. पॅटरसन डगमगले नाहीत. १९७९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन पेरूतील माणसांच्या अस्थी तपासल्या. आधुनिक माणसाच्या हाडांतील शिसे त्यांच्यापेक्षा शेकडो पट अधिक होते.

पुढचा इतिहास आशादायक आहे. अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे कमी होत गेले तसे रक्तातील शिसेही उतरले. १९७६ ते १९८० या काळात तेथील रक्तातील सरासरी प्रमाण दर डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते २.८ वर आले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० सालच्या फेब्रुवारीपासून थांबली. जगात सर्वांत शेवटी २०२१ साली अल्जीरियाने ते बंद केले.

दहा देशांचे शिक्षक

मोजमापाचे शास्त्र असे ताळ्यावर येत असताना जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून एक शिस्तबद्ध तुलना हाती घेतली. तिचे निष्कर्ष १९८० च्या दशकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी दहा देशांतील शिक्षक निवडले. शिक्षक सर्व देशांत असतात, त्यांचे काम सारखे असते, कारखान्यातील धातूंशी त्यांचा संबंध येत नाही. प्रत्येक देशातील प्रयोगशाळेला आधी कसोटीचे नमुने पाठवून तिची अचूकता पारखली गेली आणि मगच तिचे आकडे ग्राह्य धरले गेले.

बीजिंग आणि टोकियो येथील शिक्षकांच्या रक्तात शिसे सर्वांत कमी, दर लिटरला ६० मायक्रोग्रॅम निघाले. मेक्सिको शहरात ते २२५ होते. स्टॉकहोम, बाल्टिमोर, जेरुसलेम या शहरांत १०० च्या खाली. भारतातून अहमदाबाद, बंगळुरू आणि कोलकाता ही शहरे होती. तेथील शिक्षकांचे आकडे १०० ते २०० च्या दरम्यान आले. युरोपातील ब्रसेल्सही त्याच पंक्तीत होते. म्हणजे पूर्वेचा टोकियो एका टोकाला, भारत आणि बेल्जियम मध्ये, मेक्सिको दुसऱ्या टोकाला. वंश, वर्ण, खंड यांपैकी कशाशीही हा क्रम जुळत नाही. तो जुळतो हवा, पेट्रोल, भांडी आणि पाणी यांच्याशी.

कॅडमियमचे चित्र निराळे आहे. ते मूत्रपिंडात साठते आणि दशके तेथून हलत नाही. जपानी माणसांच्या मूत्रपिंडांत ते युरोपीय किंवा अमेरिकी माणसांपेक्षा कितीतरी अधिक आढळत आले, कारण भाताचे पीक ओल्या खाचरांतील कॅडमियम सहज उचलते आणि जपानी माणूस भातावर जगतो. तोयामा प्रांतातील जिन्झू नदीत खाणीचे सांडपाणी सोडले गेले, ते शेतांत गेले आणि तेथील, विशेषतः उतारवयातील स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की हलताना त्या वेदनेने ओरडत. रोगाचे नावच पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले. टोकियोच्या रक्तातील शिसे कमी होते म्हणून जपान सुरक्षित, असा निष्कर्ष कोणी काढला असता तर तो किती चुकीचा ठरला असता!

मातीचे देणे आणि मातीचे उणे

प्रदूषण नसतानाही माती आपला ठसा उमटवते. १९३५ च्या सुमारास चीनच्या ईशान्येकडील केशान परगण्यात लहान मुले आणि तरुण स्त्रिया हृदय निकामी होऊन दगावू लागल्या. रोगाला परगण्याचेच नाव मिळाले. पुढे ध्यानात आले की चीनच्या ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत एक पट्टा आहे, तेथील मातीत सेलेनियम अत्यल्प आहे आणि रोग त्याच पट्ट्यात आहे. तेथील माणसांच्या केसांतही सेलेनियम नगण्य. १९७४ साली सिचुआन प्रांतात मुलांना सेलेनियमच्या गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. त्या वर्षी गोळ्या न घेतलेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना रोग झाला. गोळ्या घेतलेल्या ४,५१० मुलांपैकी केवळ १० जणांना. या रोगात विषाणूचाही हात असावा असे पुढील संशोधन सांगते. तथापि विषाणूला वाट मोकळी करून देणारी होती ती मातीतली उणीव. गंमत अशी की त्याच चीनमध्ये हुबेई प्रांतातील एन्शी भागात सेलेनियम इतके अधिक होते की १९६० च्या दशकात लोकांचे केस आणि नखे गळून पडली. देश एक, वंश एक. केवळ पायाखालची जमीन वेगळी. आपल्या पंजाबातही नवांशहर आणि होशियारपूर भागांतील काही जमिनींत सेलेनियम अतिरिक्त आहे आणि तेथील गुरांचे केस व खूर झडल्याची नोंद कृषिशास्त्रज्ञांनी केली आहे.

फिनलंडने यावर राष्ट्रीय उपाय योजला. तेथील मातीतून सेलेनियम पिकांत फारसे उतरत नाही. १९८४ साली सरकारने निर्णय घेतला की खतांतच सेलेनियम मिसळायचे. गहू, गवत, दूध, मांस अशा पायऱ्यांनी ते चढत गेले आणि काही वर्षांत साऱ्या राष्ट्राच्या रक्तातील सेलेनियम वाढले. न्यूझीलंडमध्येही माती अशीच उणी आहे. तेथे बाहेरून येऊन राहिलेल्यांच्या रक्तातील सेलेनियम हळूहळू उतरत स्थानिकांच्या पातळीकडे जाते, असे तेथील संशोधकांना आढळले. नागरिकत्वाचा कागद मिळण्यापूर्वीच देह त्या भूमीचा होऊ लागतो!

भारतीय उदाहरण आहे ते हिमालयाच्या पायथ्याचे. हिमनद्या आणि पावसाने डोंगरउतारांवरील आयोडीन युगानुयुगे धुऊन नेले. परिणामी काश्मीरपासून ईशान्येपर्यंत गलगंडाचा एक सलग पट्टा तयार झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीत प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ, एका भागात साधे मीठ. पाच-सहा वर्षांत आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. साध्या मिठाच्या भागात ते होते तसेच राहिले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पाया या कामाने घातला.

पुढे मिठावरून आपल्याकडे बराच वाद झाला. सक्ती असावी की नसावी, छोट्या मीठ उत्पादकांचे काय, बड्या कंपन्यांचा फायदा कोणाच्या खिशातून, हे प्रश्न उपस्थित झाले आणि ते गैर नव्हते. २००० साली केंद्राने साध्या मिठावरील बंदी उठवली आणि २००६ मध्ये ती पुन्हा अमलात आली. वाद अर्थकारणाचा होता आणि तो त्या पातळीवर करायला हरकत नाही. पण कांगड्यातील गलगंड खरा होता आणि आयोडीनविना जन्मलेल्या मंदबुद्धी बालकांचे दुःखही खरे होते. स्वदेशीचा विचार करताना हे सत्य नजरेआड होता कामा नये. रामलिंगस्वामी याच मातीतले आणि त्यांचा प्रयोगही याच मातीतला.

बक्सरचा डॉक्टर

जस्ताची कथाही एका भारतीयाची आहे. बिहारमधील बक्सर येथे १९२८ साली जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद पाटण्याला वैद्यक शिकले, अमेरिकेत गेले आणि १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे रुजू झाले. तेथे त्यांच्यापुढे एक रोगी आला. वय २१ वर्षे, पण दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा. वयात आल्याची कोणतीही खूण नाही, तीव्र रक्तक्षय, आहारात बिनखमिराची रोटी आणि त्यावर माती खाण्याची सवय. असे आणखी रोगी आले. रक्तक्षयाचे कारण लोहाची कमतरता हे उघड होते; परंतु केवळ लोहाच्या अभावाने वाढ खुंटत नाही. प्रसाद यांना जस्ताची शंका आली. माणसाला जस्ताची उणीव भासूच शकत नाही, असे त्या काळचे वैद्यक मानत होते.

१९६१ साली त्यांनी आपली कल्पना मांडली आणि पुढे इजिप्तमध्ये अशाच रोग्यांच्या रक्तद्रवात, तांबड्या पेशींत आणि केसांत जस्त कमी असल्याचे १९६३ मध्ये दाखवून दिले. जस्त दिल्यावर ही मुले एका वर्षात पाच-सहा इंचांनी वाढली. कारण होते धान्यातील फायटेट या घटकात. तो जस्ताला आणि लोहाला बांधून ठेवतो, आतड्यातून शोषू देत नाही. त्यात मातीचीही भर. धान्यात जस्त असूनही देह उपाशी! १९७४ साली अमेरिकेने जस्ताचा समावेश आवश्यक पोषकांच्या शिफारशीत केला. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अतिसार झालेल्या बालकांना क्षार-साखर द्रावणाबरोबर जस्ताच्या गोळ्या द्याव्यात अशी शिफारस केली. आज आपल्या अंगणवाड्यांत आणि आरोग्य केंद्रांत त्या गोळ्या दिल्या जातात, त्यांच्या मुळाशी बक्सरच्या या डॉक्टरची जिज्ञासा आहे. २०२२ साली ते निवर्तले.

येथे आपल्या स्वयंपाकघराचा संदर्भ येतो. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबवले की फायटेट कमी होते. मटकीची उसळ आणि आंबोळी करणारी आजी फायटेट जाणत नव्हती. पचायला हलके होते एवढे जाणत होती. ती पद्धत झटपट पाकिटांच्या नादात सोडू नये, हे सांगायला आज रसायनशास्त्राचाही आधार आहे.

नाळेने दिलेली साक्ष

देहातील मूलद्रव्ये कधीकधी न्यायालयातील साक्षीदारासारखी उभी राहतात. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला. १९५६ साली हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. मातेच्या उदरातच बाधित झालेली बालके जन्माला आली. पण जन्मावेळी त्यांच्या शरीरात पारा होता हे वर्षांनंतर कसे सिद्ध करायचे? जपानी कुटुंबांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची रीत आहे. डॉ. मासाझुमी हारादा आणि इतर संशोधकांनी त्या नाळा तपासल्या आणि त्यांत मिथाइल पारा सापडला. घराण्यातील एका भावुक रिवाजाने विज्ञानाला पुरावा दिला.

इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात पाऱ्याचे औषध लावलेले बियाण्याचे धान्य लोकांनी दळून खाल्ले आणि शेकडो माणसे रुग्णालयांत मृत्युमुखी पडली. तेथे साक्ष दिली केसांनी. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. लांब केसाचे तुकडे करून तपासले की कोणत्या महिन्यात किती पारा शरीरात गेला याची रोजनिशीच वाचता येते. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली डॉ. के. सी. साहा यांनी कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकचे रोगी ओळखले, तेव्हाही पुढील संशोधनात केस आणि नखांनीच व्याप्ती दाखवली.

आर्सेनिकच्या बाबतीत एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो वंशाशी संबंधित आहे. अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतातील काही वस्त्या हजारो वर्षे आर्सेनिकयुक्त पाणी पीत आल्या आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेथील लोकांत आर्सेनिक लवकर निकामी करून बाहेर टाकण्यास साहाय्य करणारा जनुकीय गुण निवडला गेला आहे. म्हणजे आनुवंशिकता काहीच करत नाही असे नव्हे. पण ती हजारो वर्षांत आणि असंख्य बळी घेऊन शिकते. बंगालच्या शेतकऱ्याला तेवढा अवधी नाही. त्याला आजच शुद्ध पाणी हवे आहे.

तुर्भ्याचे उत्तर

आता पुन्हा त्या प्रमाण पुरुषाकडे वळू. आशियातील देशांनी केवळ तक्रार केली असती तर आजही स्थिती तीच राहिली असती. तसे झाले नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने ‘आशियाई प्रमाण पुरुषा’चा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याच्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे शरीराच्या मोजमापांचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या टप्प्यात भारत, चीन, जपान, बांगलादेश, पाकिस्तान, इंडोनेशिया, फिलिपाईन्स, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम अशा नऊ देशांनी आपापल्या लोकांच्या आहारातील आणि अवयवांतील मूलद्रव्ये मोजली. भारताच्या वतीने तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी हे काम केले. अणुभट्टीतील न्यूट्रॉनचा मारा करून नमुन्यातील अणूंना क्षणभर बोलके करायचे आणि त्यांच्या किरणांवरून थोरियम, युरेनियम, सिझियम किती आहे हे ओळखायचे, अशी ती पद्धत.

निष्कर्ष नुसते अभ्यासकांच्या कुतूहलाचे नव्हते. आशियाई माणसाच्या आहारातील कॅल्शियम पाश्चात्त्य प्रमाण पुरुषाच्या आहारापेक्षा पुष्कळ कमी निघाले. जपानसारखा अपवाद सोडता आयोडीनही बहुतेक देशांत कमी. याचा अर्थ काय? अणुअपघात झाला की किरणोत्सर्गी आयोडीन हवेत आणि दुधात येते. ज्याची थायरॉइड ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली आहे, ती ते थोडे घेते. ज्याची ग्रंथी भुकेली आहे, ती अधाशीपणाने घेते. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर बेलारूस आणि परिसरातील मुलांत थायरॉइडचा कर्करोग वाढला आणि आयोडीनची कमतरता असलेल्या भागांत धोका अधिक होता, हे संशोधनाने दाखवून दिले. परक्या माणसाचे माप घेऊन आपल्या मुलाचा धोका मोजला, तर तो कमीच भरणार. २००२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने नवा प्रमाण पुरुष आणि त्याच्यासोबत प्रमाण स्त्री व निरनिराळ्या वयांची बालके ग्रंथबद्ध केली. नवा पुरुष ७३ किलोचा आणि १७६ सेंटिमीटर उंचीचा आहे. तोही पश्चिम युरोप व उत्तर अमेरिकेचाच. म्हणूनच आपल्या आकड्यांची गरज संपलेली नाही.

आरसा आपल्यासमोर

दुसऱ्यांच्या मापातील दोष दाखवणे सोपे असते. तीच मोजपट्टी स्वतःला लावण्याची तयारी हवी. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीवर, म्हणजे दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचा अंदाज मांडला गेला. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. पेट्रोलमधील शिसे गेले. पण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणारे धंदे, रंग, भांड्यांची कल्हई आणि चकाकी, काही मसाले यांतून ते येतच आहे. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळण्याचा अधम प्रकार बांगलादेशात उघडकीस आला. तेथील सरकारने कठोर कारवाई केली आणि २०१९ साली ४७ टक्के नमुन्यांत आढळणारी ही भेसळ २०२१ पर्यंत शून्यावर आली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील पाटण्याच्या काही नमुन्यांतही शिशाचे भयावह प्रमाण सापडले. ज्या हळदीशिवाय आपले एकही मंगलकार्य होत नाही, तिच्यात विष कालवणाऱ्याला आपण कोणती शिक्षा देतो, हा प्रश्न परदेशी शास्त्रज्ञाने विचारण्याची वाट पाहू नये.

आणखी एक अवघड विषय टाळता येणार नाही. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आपल्याकडे संतापाची लाट उठली; आयुर्वेदाविरुद्ध कारस्थान असल्याचे बोलले गेले. २००८ सालच्या मोठ्या तपासणीत सुमारे एक पंचमांश उत्पादनांत हे धातू आढळले आणि त्यांत अमेरिकेत बनलेल्या व भारतात बनलेल्या उत्पादनांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. म्हणजे दोष एका देशाचा नव्हता. तो निष्काळजी उत्पादनाचा होता. भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. परदेशी ग्राहकाला जी खात्री द्यावीशी वाटते, ती गल्लीतल्या रुग्णाला का नसावी? आपल्या शास्त्राचा अभिमान असेल तर त्याची पुडी प्रयोगशाळेत पाठवण्याचे भय वाटता कामा नये. शोधन-मारणाची प्रक्रिया नीट झाली की नाही, हे ठरवायचे तर ते मोजूनच ठरवावे लागेल.

बंधुभगिनींनो, या साऱ्या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की समाजासमाजांच्या देहांत जो फरक दिसतो, तो बहुतांशी रक्ताचा नसून माती, पाणी, अन्न आणि उद्योग यांचा असतो. आणि म्हणूनच तो बदलता येतो. दुसरी अशी की जे सर्वांना आहे ते निरोगी आहे असे समजू नये. कांगड्यात गलगंड सर्वांना होता म्हणून तो स्वाभाविक नव्हता. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे जो समाज स्वतःला मोजत नाही, त्याला दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालावा लागतो. रामलिंगस्वामी, आनंद प्रसाद आणि तुर्भ्याचे शास्त्रज्ञ यांनी घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी मिठाच्या गोणी वाटल्या, केस तपासले, राख तोलली.

आपल्यापैकी प्रत्येकाला प्रयोगशाळा उभारता येणार नाही. पण गावातील विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी करून घेता येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडली आहेत. तेथे एका कार्यकर्त्याने नेलेली पाण्याची एक बाटली एका पिढीचे कंबरडे वाचवू शकते. हळद खडी घेऊन दळता येते. मुलाच्या हातातील रंगीत खेळणे कशाचे आहे हे विचारता येते. मातृभूमी हा शब्द आपण आदराने उच्चारतो. ती भूमी रोज थोडी थोडी आपल्या मुलांच्या अस्थींत उतरत असते. ती कोणत्या रूपाने उतरावी, याची चिंता वाहणे हे आपले कर्तव्य आहे.